नळ दुरुस्त झाला आहे

पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईला सगळे 'पट्टी' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण तिला त्याचा राग येत नसे. तिच्या पदाचं नाव ड्राफ्ट्समन होतं, म्हणजे कागदोपत्री ती पुरुषच होती, आणि तिला त्याचाही राग येत नसे. जमिनीखालून जाणाऱ्या नळवाहिन्या, त्यांची वळणं, झडपा, खोली हे सगळं ती इतकं नेमकं काढायची की खोदकामाचे मुकादम म्हणत, "पट्टीबाईंचा नकाशा असला की कुदळ डोळे मिटून मारावी." वय अडतीस. बोलणं मोजकं. कुणी "कशी आहेस?" असं जाता जाता विचारलं तर ती खरोखर थांबून विचार करायची, आणि उत्तर सापडेपर्यंत विचारणारा जिना उतरून गेलेला असायचा.

ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. तळमजल्यावर घरमालकीणबाई. त्यांनी आयुष्यभर एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती आणि बोलण्यापेक्षा बोट दाखवून काम भागवण्याची सवय त्यांना तिथे लागली होती. या दोघींचं उत्तम जमायचं. वर्षाकाठी पन्नासेक वाक्यं होत असतील.

सहा वर्षांपूर्वी पट्टीच्या दुसऱ्या खोलीत भाड्याने राहायला आली ती पार्लरमध्ये केस कापणारी. दोन पिशव्या, एक गादी आणि न थांबणारं बोलणं घेऊन ती जिना चढली. पट्टीने तिच्यासाठी घराचा नकाशा काढून ठेवला होता. स्वयंपाकघरातली कुठली फळी कुणाची, वाळत घालायच्या दोरीचा कुठला भाग कुणाचा, न्हाणीघर सकाळी कुणाला किती वाजता. तो कागद बघून नवी मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, एवढं तर लग्न झालेल्या माणसांनासुद्धा जमत नाही!"

तिने तो नकाशा दारामागे चिकटवला आणि पुढच्या सहा वर्षांत त्यातलं एकही कलम पाळलं नाही. तिचे कपडे दोरीभर, तिचे कंगवे, क्लिपा, तेलाच्या बाटल्या घरभर. दिवसभर खुर्चीभोवती फिरत केस कापायची म्हणून पार्लरमध्ये तिला 'भिंगरी' म्हणत. घरीही तेच नाव रूढ झालं.

भिंगरी संध्याकाळी साडेसातला यायची आणि चप्पल काढायच्या आधीच गोष्ट सुरू व्हायची. आज कोण आली होती, कुणाचं मोडलं, कुणाचं जमलं, कोण केस कापता कापता रडायला लागली आणि मग भिंगरीही कशी रडली. "दोघी रडतोय, आणि माझ्या हातात कात्री! एका बाजूचे केस दोन बोटं जास्तच गेले गं." पट्टी भाजी चिरत ऐकायची. नजर सुरीवर.

"ऐकतेयस ना?"

"हो."

"मग सांग, मी काय म्हणाले?"

पट्टी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची. भिंगरी कपाळावर हात मारायची. "अगं, मी माणसाशी बोलतेय की टेपरेकॉर्डरशी?"

पण पट्टी त्या साडेसातची वाट बघायची. सव्वासातपासून तिचे कान जिन्याकडे असायचे. हे तिने भिंगरीला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. भिंगरीचे पाय दिवसभर उभं राहून दुखायचे, म्हणून पट्टीने लाकडाचा एक उतरता पाट स्वतः आखून सुताराकडून करून घेतला होता. पाय किती अंशांत ठेवले तर पोटऱ्यांना आराम पडतो, हे तिने कुठेतरी वाचून काढलं होतं. भिंगरी रोज त्यावर पाय टाकून बसायची आणि बोलायची. पट्टीच्या लेखी सगळं सांगून झालेलं होतं.

मग तो सुटीचा दिवस आला. दुपारचे सव्वातीन वाजले होते. भिंगरी नखांना रंग लावत बसली होती, तेवढ्यात तिच्या दादाचा फोन आला. तिचे बाबा गेले होते. जेवून हात धुवायला उठले आणि तिथेच कोसळले.

भिंगरी जमिनीवर बसली. आधी तिच्या तोंडून आवाजच फुटेना, आणि फुटला तेव्हा तो तिचा वाटेना. पट्टी दारात उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. भिंगरीच्या गावाला जाणारी बस चार चाळीसला होती, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. बसस्थानकापर्यंत पंचवीस मिनिटं.

तिने पिशवी काढली. चार दिवसांचे कपडे, वर दोन जोड जास्तीचे. टॉवेल, कंगवा, फोनचा चार्जर. भिंगरीला रडलं की डोकं दुखायचं, म्हणून त्या गोळ्या, आणि त्या किती वेळाने घ्यायच्या याची चिठ्ठी. भिंगरीच्या सँडलचा पट्टा सुटला होता, तो तिने टाका घालून शिवला. नखांचा ओला रंग चादरीला, गालांना लागला होता. पट्टीने कापसाने तो पुसून काढला, एकेक बोट धरून. हे सगळं चाळीस मिनिटांत झालं आणि तेवढ्या वेळात ती "ऊठ", "हात दे" आणि "चल" एवढंच बोलली.

बसमध्ये सावलीच्या बाजूची, खिडकीजवळची जागा तिने मिळवली. भिंगरीला बसवलं. भिंगरीने पट्टीच्या बाहीचं कापड मुठीत घट्ट धरलं होतं. सोडत नव्हती. बस सुटायला सहा मिनिटं होती आणि पाण्याची बाटली राहिली होती. पट्टीने भिंगरीची बोटं हळूच, एकेक करून सोडवली आणि ती खाली उतरली. पाणी घेऊन आली तेव्हा दार लागलं होतं. खिडकीतून तिने बाटली आत दिली. भिंगरीने ती घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढचे तीन आठवडे पट्टीने एक दिवस वाया घालवला नाही. पार्लरच्या मालकिणीला भेटून भिंगरीची रजा पक्की केली. तिच्या खोलीचे पडदे धुतले. भिंगरीच्या खाटेमागच्या भिंतीला लागून न्हाणीघर होतं. तिथला नळ थेंबथेंब गळायचा आणि त्या आवाजाने भिंगरी वर्षभर कुरकुरत होती. पट्टीने तो उघडून नवा वायसर घातला. आणि तिने भिंगरीला चार निरोप पाठवले. "पोचलीस का?" "रजा मंजूर झाली आहे." "पडदे धुतले." "नळ दुरुस्त झाला आहे." उत्तर फक्त पहिल्याचं आलं. "हो."

भिंगरी परत आली ती गप्प. साडेसातला यायची, चप्पल काढायची, खोलीत जायची. पट्टीला वाटलं, हिला आता शांतता हवी आहे. कारण तिला स्वतःला तीच हवी होती.

पट्टी एकोणीस वर्षांची असताना तिची आई गेली होती. घर माणसांनी भरलं होतं. जो तो तिला मिठी मारत होता, आणि तिची आत्या तिच्या पाठीवर थापा मारत म्हणत होती, "रड गं, रडून मोकळी हो. असं दगडासारखं काय बसायचं?" पट्टीला रडू येत नव्हतं. तिला फक्त सगळ्यांनी जावंसं वाटत होतं. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, काही न बोलता त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, पाणी भरलं आणि निघून गेल्या. त्या बाईंना पट्टी कधी विसरली नाही. आयुष्यात तिच्यावर कुणी एवढी माया केली नव्हती असं तिला वाटायचं.

तेच तिने भिंगरीला दिलं. स्वयंपाक तयार ठेवला, दार लोटून ठेवलं, एक प्रश्न विचारला नाही. दोन महिने हे चाललं.

एका रविवारी सकाळी भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात चहाचा कप होता, पण ती प्यायली नाही.

"मी खोली सोडतेय. पार्लरमधल्या मुली राहतात ना, त्यांच्याकडे एक जागा आहे."

"तिथे चौघी आहेत. एकच न्हाणीघर आहे," पट्टी म्हणाली.

भिंगरीने कप ओट्यावर ठेवला. आवाज झाला. "तुला एवढंच म्हणायचंय?"

पट्टीला पुष्कळ म्हणायचं होतं, पण त्यातलं काय आधी म्हणायचं ते तिला सापडेना.

"त्या दिवशी तू माझा हात सोडवलास," भिंगरी म्हणाली. "मी तुला धरलं होतं आणि तू माझी बोटं सोडवलीस."

"पाणी आणायला."

"मला पाणी नको होतं!"

"पाच तासांचा प्रवास होता."

"बघ! बघ, हे असं!" भिंगरी रडायला लागली. "माझे बाबा गेले, पट्टी. आणि तू मला कळवतेस, नळ दुरुस्त झाला. तिथे सगळ्यांसमोर मी तो निरोप वाचला. मला वाटलं, सहा वर्षं मी कुणासोबत राहिले? तू एकदासुद्धा विचारलं नाहीस, कशी आहेस म्हणून. एकदा जवळ घेतलं नाहीस. आल्यावरसुद्धा नाही. मी रोज वाट बघायचे, आज विचारेल, आज विचारेल."

"मग मी काय लिहायला हवं होतं?" पट्टीने विचारलं.

तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. भिंगरीने सांगितलं असतं तर तिने ते लिहून घेऊन पाठसुद्धा केलं असतं. पण भिंगरीला तो टोमणा वाटला. तिचा चेहरा एकदम उतरला, आणि तिने डोळे पुसले ते जणू एखादं काम संपवावं तसे.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

दुपारी टेम्पो आला. सामान पट्टीनेच खाली उतरवलं. गादी तिने दोरीने अशी बांधली होती की वाटेत सुटणार नाही. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. टेम्पो वळल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. पट्टीने मान हलवली. संभाषण संपलं.

घर मोठं झालं. दोरी पूर्ण मोकळी होती, तरी पट्टी आपले कपडे डाव्या अर्ध्या भागातच वाळत घालायची. भाजी ती दोघींपुरती आणायची, मग लक्षात यायचं. सव्वासातला कान जिन्याकडे जायचे, ते थांबवता येईनात. दुसऱ्या मजल्यावरचे लोक चढायचे आणि एक मजला आधीच थांबायचे. मग तिने त्या वेळी रेडिओ लावून पाहिला. रेडिओवर माणसं बोलत होती, पण ती तिच्याशी बोलत नव्हती आणि मध्येच थांबून "ऐकतेयस ना?" विचारत नव्हती.

भिंगरीचं शेवटचं बोलणं तिने किती वेळा आठवलं याला गणती नाही. शब्द तिला तोंडपाठ होते. 'मी रोज वाट बघायचे.' म्हणजे तेव्हा घरात दोघी होत्या. एक दाराच्या आत वाट बघत होती आणि दुसरी बाहेर, आवाज होऊ नये म्हणून पावलं न वाजवता चालत होती. हे कळलं तेव्हा पट्टी ओट्याशी उभी होती. ती खाली बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला रडू आलं. आईच्या वेळी न आलेलंही त्यात असावं.

त्यानंतर ती माणसांकडे बघायला लागली. पूर्वीही बघायची, पण आता शिकायला म्हणून. कार्यालयातल्या शिपाईणबाईंना हे उपजतच यायचं. कुणाचा चेहरा पडलेला दिसला की त्या जाता जाता खांद्यावर हात ठेवायच्या, "काय झालं गं?" म्हणायच्या आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभ्या राहायच्या. ते उभं राहणं पट्टीच्या लक्षात आलं. आपण प्रश्नाचं उत्तर शोधत बसतो, या उत्तराची वाट बघत उभ्या राहतात.

आवक-जावक विभागात एक काका होते. त्यांच्या बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं, आठवडा झाला होता. पट्टीने घरी आरशासमोर एक वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"काका, तुम्हाला फार काळजी वाटत असेल."

काकांनी मान वर केली. त्यांना वाटलं, कागदावर सही राहिली असेल. मग त्यांना वाक्य कळलं.

"बस ना," ते म्हणाले.

ती बसली. काका चाळीस मिनिटं बोलले. बायको घरात नसली की रेडिओचं बटणसुद्धा सापडत नाही, तिला इंजेक्शनची भीती वाटते, ती डॉक्टरांसमोर हसते आणि ते गेले की रडते. पट्टीच्या जिभेवर तीन वेळा सूचना आल्या. तिने त्या तीनही वेळा गिळल्या. एखादी मोठी नळवाहिनी आखणंसुद्धा तिला कधी इतकं जड गेलं नव्हतं. शेवटी काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं वाटलं. आणि पट्टी, त्या औषधांच्या वेळा माझ्या काही ध्यानात राहत नाहीत. तुझ्या त्या सुबक अक्षरात एक तक्ता करून देशील?"

तिने तो त्याच दुपारी करून दिला. घरी जाताना तिला वाटलं, आपलंही चुकत नव्हतं, फक्त तेवढ्याने भागत नव्हतं. आणि हे जिला सांगावं ती चार गल्ल्या पलीकडे राहत होती.

आणखी दोन आठवडे गेले. रोज संध्याकाळी ती पार्लरच्या समोरच्या फुटपाथवरून चालत जायची आणि आत न बघता पुढे जायची. मग एके दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती रस्ता ओलांडून आत गेली. सहा वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिचे केस ती स्वतःच कापायची, एका रेषेत.

भिंगरी एका खुर्चीमागे उभी होती. तिने आरशातूनच पाहिलं. हातातला कंगवा क्षणभर थांबला.

"बस," ती म्हणाली. "किती कापायचेत?"

"तू म्हणशील तेवढे."

भिंगरीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले. दोघी आरशात होत्या. समोरासमोर बघण्यापेक्षा ते पट्टीला सोपं गेलं. कात्री चालू झाली. पट्टीने वाक्य पाठ करून आणलं होतं, पण ते आठवेना. मग तिने जे तोंडात आलं ते म्हटलं.

"तुझे बाबा कसे होते?"

कात्री थांबली. भिंगरीने खाली बघितलं, मग शेजारच्या खुर्चीवरच्या बाईकडे, मग पुन्हा आरशात.

"आता विचारतेस?"

"हो. फार उशीर झाला. मला तेव्हा वाटलं होतं की विचारलं तर तुला त्रास होईल. मला कुणी विचारलेलं आवडलं नसतं. तुला आवडलं असतं, हे मला माहीत नव्हतं."

भिंगरी बराच वेळ केसांतून नुसता कंगवा फिरवत राहिली. "खूप बोलायचे," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासारखेच. बसथांब्यावर उभे राहिले तर बस येईपर्यंत तिथल्या सगळ्यांची लग्नं जमवून मोकळे. आई म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा स्वतःशी गप्पा मारता." ती हसली आणि मग तिला हसणं आवरेना, मग तिने कात्री खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. पट्टीने कापडाखालून हात बाहेर काढला आणि भिंगरीच्या मनगटावर ठेवला. बरोबर ठेवला की नाही तिला कळलं नाही. काढावा कधी, तेही कळलं नाही, म्हणून तिने काढला नाही.

"एका हाताने कसे कापू मी?" भिंगरी थोड्या वेळाने म्हणाली.

"मला घाई नाही."

केस कापून झाले. मानेवरचे बारीक केस भिंगरीने ब्रशने झटकले. पट्टीने विचारलं, "परत येशील?"

भिंगरीने खरं उत्तर दिलं. "नाही गं. तिथे गोंगाट असतो, भांडणं असतात, न्हाणीघरासाठी रांग असते. पण मी तोंड उघडलं की कुणीतरी काहीतरी म्हणतं. मला ते लागतं. तुझ्याकडे मी वाळून गेले असते. तू वाईट आहेस म्हणून नाही."

"कळलं," पट्टी म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं, त्यामुळेच ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

"महिन्याने ये. केस वाढतात तुझे भराभर."

"येईन."

ती चालत घरी आली. कापलेल्या केसांमुळे मान उघडी पडली होती आणि तिला वारा लागत होता. आज जे झालं ते कुणाला तरी सांगावं असं तिला वाटत होतं. असं तिला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. वर तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं. तळमजल्याचं दार उघडं होतं आणि घरमालकीणबाई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी तिच्या केसांकडे बोट दाखवलं आणि मान डोलावली. बरे दिसतात, असा अर्थ.

पट्टी उंबऱ्यातच उभी राहिली.

"मला आज फार एकटं वाटतंय," ती म्हणाली.

घरमालकीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग सरकून जागा केली आणि शेंगांची परात दोघींच्या मध्ये ओढली. पट्टी बसली. शेंगा सोलू लागली. दाणे परातीत टपटप पडत होते. बाईंनी उठून पंखा तिच्या बाजूला वळवला, पाण्याचा तांब्या आणून जवळ ठेवला आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यात माया होती, हे पट्टीला नीट ओळखता येत होतं. ती स्वतः असती तर तिनेही अगदी हेच केलं असतं. तरी आज तिचं तेवढ्याने भागत नव्हतं.

पाच-सहा शेंगा झाल्यावर तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"बाई, मला विचारा ना, काय झालं ते."

घरमालकीणबाईंचे हात थांबले. त्या जराशा गोंधळल्या, जणू कुणी त्यांना परक्या भाषेत काही मागितलं होतं. घसा खाकरून त्या म्हणाल्या, "काय झालं?"

आणि मग शेंग उचलायची सोडून त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. पट्टीने कुठून सुरुवात करावी याचा क्षणभर विचार केला.

"साडेतीनला मी पार्लरमध्ये गेले," ती म्हणाली, आणि सांगू लागली.